विचारा तर खरं : ‘ला त्राव्हियाता’, पांढरी भिंत आणि लाल ड्रेस

मागच्या अंकात वेर्दी या इटालियन संगीतकाराच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेरावर, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकावर, लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्या लोकांनी हा ऑपेरा पहिल्यांदाच बघितलाय आणि बघून ते चक्क वैतागलेत. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी गोष्ट पटकन सांगते. व्हायोलेता व्हालेरी ही पॅरिसमधली, श्रीमंत पुरुषांच्या पैशावर थाटात राहणारी, रोज पार्ट्या देणारी आणि टीबीने आतून पोखरलेली बाई. आल्फ्रेदो जेर्माँ नावाचा प्रोव्हान्सकडचा साधा मुलगा तिच्या प्रेमात पडतो, ती सगळं सोडून त्याच्याबरोबर शहराबाहेर राहायला जाते, मग एक दिवस त्याचा बाप येऊन सांगतो की माझ्या मुलाला सोड, ती सोडते, आल्फ्रेदोला खरं कारण माहीत नसतं म्हणून तो भर पार्टीत जुगारात जिंकलेले पैसे तिच्या अंगावर फेकतो, आणि शेवटी सगळं कळून धावत येतो तेव्हा तिच्याकडे काही तासच उरलेले असतात.

आता प्रश्न.

प्रश्न : ताई, मी ऑनलाइन जो ‘त्राव्हियाता’ बघितला त्यात नुसती एक गोल पांढरी भिंत, एक भलंमोठं घड्याळ, एक सोफा आणि लाल ड्रेसमधली हिरोईन, बाकी काहीच नाही. झुंबरं कुठे, घेरदार झगे कुठे? जुन्या काळातली गोष्ट जुन्या काळातच दाखवायला काय जातं यांचं? वेर्दीने बघितलं असतं तर काय म्हणाला असता?

उत्तर : तुम्ही बघितलात तो विली डेकर या दिग्दर्शकाचा प्रयोग. २००५ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला झाला, आना नेत्रेब्को आणि रोलान्दो व्हियाझोन होते त्यात, नंतर तोच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातही गेला. वेर्दी काय म्हणाला असता ते कोण सांगणार, पण एक गोष्ट नक्की, की “जुन्या काळातलं जुन्यातच दाखवा” हा हट्ट वेर्दीचा नव्हता, तो त्याच्यावर लादलेला होता.

झालं असं, की ही गोष्ट मुळात अलेक्सांद्र द्युमा (धाकटा) या फ्रेंच लेखकाची, त्याची कादंबरी १८४८ची आणि त्यावरचं त्याचंच नाटक १८५२चं. नायिका ज्या बाईवर बेतली ती मारी द्युप्लेसी, ती १८४७ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी टीबीने गेली. म्हणजे १८५३च्या मार्चमध्ये व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’ थिएटरात हा ऑपेरा पहिल्यांदा लागला तेव्हा ही काल-परवाची गोष्ट होती, ती बाई जिवंत असती तर तिशीचीही नसती! वेर्दीला हेच हवं होतं. समोर बसलेले लोक ज्या कपड्यांत आलेत त्याच कपड्यांत स्टेजवरचेही लोक दिसले पाहिजेत असं त्याचं म्हणणं होतं. व्हेनिसवाल्यांनी ते चालू दिलं नाही, आणि मग गोष्ट दीडशे वर्षं मागे ढकलून १७००च्या आसपास नेली, विग वगैरे घालून. म्हणजे लोकांनी बघायचं आणि म्हणायचं, अरेरे, पूर्वीचे लोक कसे होते. स्वतःवर काही यायला नको.

पुढे कित्येक वर्षं हे असंच चाललं. १८५०च्या पॅरिसमधले घेरदार झगे स्टेजवर दिसायला लागले ते १८८०च्या सुमारास, म्हणजे तेव्हा ते झगेसुद्धा जुने झाले होते. आपण ज्याला पारंपरिक ‘त्राव्हियाता’ म्हणतो तो असा आहे बघा. झुंबरं मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू, पण “हेच खरं आणि बाकी सगळं भंकस” असं म्हणायला आधार नाही.

आता डेकरचं घड्याळ. ऑपेरा सुरू होतो तो पार्टीच्या म्युझिकने नाही, अगदी वरच्या पट्टीतल्या व्हायोलिन्सच्या क्षीण, थंड सुरांनी होतो, आणि तिसऱ्या अंकात ती मरायला टेकलेली असताना जवळपास तेच सूर परत येतात. म्हणजे पडदा उघडायच्या आधीच वेर्दीने सांगून टाकलंय की ही मरणार आहे. डेकरने फक्त ते डोळ्यांना दिसेल असं केलं, घड्याळ ठेवलं, आणि जो डॉक्टर ग्रेनव्हील एरवी शेवटच्या अंकात दोन ओळी गाऊन जातो त्याला सुरुवातीपासून स्टेजवर बसवून ठेवलं, काळासारखा, गप्प. पार्टीतले सगळे पाहुणे काळ्या सुटात, बायकासुद्धा. त्या काळ्या गर्दीत एकच लाल ड्रेस. दुसऱ्या अंकात ती दोघं प्रेमात असतात तेव्हा सोफ्यांवर फुलाफुलांची कापडं टाकलेली असतात, आणि बाप येऊन बोलायला लागला की तीच ती कापडं ओढून काढते. माझ्या मते हा त्या प्रयोगातला सगळ्यात बोलका भाग आहे. घड्याळ मात्र मला जरा जास्तच वाटतं, एकदा कळलं की कळलं, किती वेळा दाखवणार.

प्रश्न : टीबीने मरणारी बाई अर्धा तास खणखणीत आवाजात गाते हे कसं पचवायचं? आणि काही गायिका तर चांगल्या धडधाकट असतात. मला हसू आलं, सॉरी.

उत्तर : सॉरी कशाला, पहिल्या प्रयोगालाही लोक हसले होते! ६ मार्च १८५३. फानी साल्व्हिनी-दोनातेल्ली ही गायिका, अडतिशीची आणि अंगाने चांगली भरलेली. वेर्दीला ती या भूमिकेत नकोच होती पण बदलायची मुदत टळून गेली होती. गंमत म्हणजे पहिल्या अंकात तिने उत्तम गायलं आणि टाळ्याही घेतल्या, घोळ पुढे झाला. टेनरचा (आल्फ्रेदो गाणाऱ्याचा) घसा बसलेला, बॅरिटोन (बाप गाणारा) नाराज, आणि शेवटच्या अंकात ही बाई क्षयाने खंगून मरतेय यावर कोणाचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी वेर्दीने मित्राला लिहिलं की काल ‘त्राव्हियाता’ पडला, चूक माझी की गायकांची ते काळच ठरवेल. मग काही भाग सुधारून, विशेषतः दुसऱ्या अंकातला बाप आणि व्हायोलेताचा लांबलचक प्रसंग, १८५४च्या मे महिन्यात व्हेनिसमध्येच दुसऱ्या थिएटरात परत लावला, मारिया स्पेत्सिया नावाच्या तरुण गायिकेला घेऊन, आणि तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला.

पण तुमचा खरा मुद्दा गाण्याबद्दलचा आहे. शेवटचा अंक परत ऐका आणि ती किती वेळा खरंच मोठ्याने गाते ते बघा. बापाचं पत्र ती गात नाही, वाचते. नुसतं बोलत. खाली व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून हळू वाजत असते, पत्रात लिहिलेलं असतं की द्वंद्वयुद्ध झालं, बॅरन (तिचा श्रीमंत आश्रयदाता) जखमी झाला पण सावरतोय, आल्फ्रेदोला तुझा त्याग मी सांगितलाय, तो येईल, मीही येईन. पत्र संपतं आणि ती म्हणते, “उशीर झाला.” ‘आदिओ देल पास्सातो’ हे त्यानंतरचं गाणं, सोबतीला ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य, आणि शेवटचा वरचा सूर वेर्दीने आवाजाच्या एका धाग्यावर घ्या असं लिहून ठेवलंय. जी गायिका तिथे ताकद दाखवते ती लिहिलेलंच मोडतेय. गेल्या शतकातली गाजलेली गायिका मारिया कालास त्या सुरावर आवाज जवळजवळ फाटू द्यायची, लोक म्हणायचे अरे हिचा आवाज गेला, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं.

आणि धडधाकट गायिकांवर मी तरी हसणार नाही. माइक नसतो हो! पिटातला, म्हणजे स्टेजसमोरच्या खड्ड्यातला, मोठा ऑर्केस्ट्रा ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचायचं, तेही दोन सव्वादोन तास. जमतं कसं, तर तयार झालेल्या ऑपेराच्या आवाजाची, विशेषतः पुरुषांच्या, बरीच ताकद ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि ऑर्केस्ट्रा तिथे तुलनेने दुबळा असतो, त्या फटीतून आवाज निघून येतो. बायकांचा आवाज तर पट्टीमुळेच वर तरंगतो. म्हणून सेट बनवणाऱ्यालाही विचार करावा लागतो, गाणाऱ्याच्या मागे जाड पडदे आणि गालिचे टाकले की आवाज गिळला जातो, मागे कडक भिंत असली की पुढे फेकला जातो.

प्रश्न : बाप व्हिलन आहे ना? मग तो इतका गोड का गातो? आणि ती त्याचं ऐकते तरी का, सरळ हाकलून द्यायचं!

उत्तर : या प्रश्नासाठी तुम्हाला शंभरपैकी शंभर.

सगळा ऑपेरा त्या एका प्रसंगावर उभा आहे आणि कोणताही प्रयोग चांगला की वाईट हे मी तिथेच ठरवते. बाप येतो तो उर्मट, टोपीही न काढता बोलणारा (हे दिग्दर्शकावर आहे, पण बरेच जण असंच करतात), त्याला वाटतं पोरगा हिच्यावर पैसे उधळतोय. ती कागद पुढे करते, की बघा, उलट मीच माझं सगळं विकतेय. तिथे तो पहिल्यांदा गडबडतो. मग सूर बदलतो. माझी मुलगी देवदूतासारखी निर्मळ आहे, आल्फ्रेदो घरी परत आला नाही तर तिचं लग्न मोडेल. व्हायोलेता म्हणते ठीक आहे, काही दिवस लांब राहते. तो म्हणतो नाही, कायमचं. ती उसळते, मला ना आईबाप ना कोणी, मी आजारी आहे, मला तोच आहे. आणि मग तो जे करतो ते खरं क्रूर, तो ओरडत नाही, समजावतो, की आज तू सुंदर आहेस, काळ गेला की त्याला कंटाळा येईल, आणि तुमचं नातं देवाधर्माने बांधलेलं नाही, तेव्हा काय धरून ठेवशील? ती कोसळते ती इथे. कारण हे तिला स्वतःलाच आतून वाटत असतं.

म्हणून तो गोड गातो. खर्जातल्या सुरात घसा खरवडणारा खलनायक वेर्दीला हवा असता तर तो त्याने लिहिला असता, आधी लिहिलेलेही आहेत त्याने. हा भला माणूस आहे, त्याला मनापासून वाटतं की तो बरोबर करतोय, ती रडते तेव्हा तो “रड, रड” म्हणत धीरही देतो, आणि तरीही तिचा जीव घेऊनच जातो. ‘दीते आल्ला जोव्हिने’ म्हणजे “त्या मुलीला सांगा” असं ती गायला लागते तेव्हा आवाज इतका खाली आणलाय वेर्दीने की प्रेक्षागृहात कोणी खोकलं तर खून करावासा वाटतो. शेवटी ती बापाला म्हणते, मला मुलीसारखी जवळ घ्या. आता इथे बघा काय करतात! काही प्रयोगांत तो मिठी मारतो, काहींत हात पुढे करतो आणि मध्येच थांबतो. त्या एका हालचालीवर तो बाप कोण आहे हे ठरतं आणि दिग्दर्शकाला गोष्ट कळलीय की नाही हेही.

हाकलून का देत नाही? कारण समाज म्हणून जे काही आहे ते त्या बापाच्या रूपाने तिच्या घरात पहिल्यांदा आलेलं असतं आणि आदराने बोलत असतं. काही लोक इथे वेर्दीचं स्वतःचं आयुष्य आणतात, तो तेव्हा ज्युसेप्पिना स्त्रेप्पोनी या गायिकेबरोबर लग्नाशिवाय राहत होता, गावात लोक नावं ठेवत होते, लग्न थेट १८५९ला केलं. असेल संबंध. नसेलही, मला तो जरा ओढूनताणून आणलेला वाटतो.

प्रश्न : पहिल्या अंकाच्या शेवटी ती एकटी गात असते आणि मध्येच आल्फ्रेदोचा आवाज येतो. तो कुठे असतो? आणि आतून बॅंड वाजतो तो रेकॉर्डेड असतो का?

उत्तर : रेकॉर्डेड नाही हो, खरे वादक असतात, विंगेत किंवा मागच्या खोलीत. त्यांना पिटातला कंडक्टर दिसत नाही म्हणून तिथे दुसरा कंडक्टर मॉनिटरवर बघून त्यांना ताल देतो, आणि आवाज स्टेज ओलांडून प्रेक्षकांपर्यंत यायला वेळ लागतो म्हणून त्यांना कणभर आधी वाजवावं लागतं. नाही जमलं तर सगळा वॉल्ट्झ (नाचाची धून) लंगडतो, आणि त्याच वॉल्ट्झवर आल्फ्रेदो आणि व्हायोलेताचं बोलणं चाललेलं असतं.

आल्फ्रेदोचं म्हणाल तर लिहिलेलं आहे की तो बाल्कनीखालून गातोय. ‘सेम्प्रे लीबेरा’ म्हणजे मी कायम मोकळीच राहणार असं ती जोरजोरात स्वतःला पटवत असते आणि मध्येच ती प्रेमाची धून त्याच्या आवाजात ऐकू येते. आता तो खरंच खाली रस्त्यावर उभा आहे की तिच्या डोक्यात आहे? काही दिग्दर्शक त्याला सरळ स्टेजवर आणतात. मला तो न दिसलेलाच आवडतो, कारण दिसला की ती मोकळी राहणार नाही हे ठरूनच जातं आणि पुढच्या तानांमधली धडपड फुकट जाते. त्याच गाण्याच्या शेवटी बऱ्याच गायिका जो अगदी वरचा सूर लावतात ना, तो वेर्दीने लिहिलेलाच नाही, परंपरेने चिकटलाय. लागला तर मजा येते, नाही लागला तर तिकिटाचे पैसे परत मागू नका.

प्रश्न : टाळ्या कधी वाजवायच्या?

उत्तर : गाणं संपलं की वाजवा, आपल्या संगीत नाटकासारखंच. फक्त ऑर्केस्ट्राचा शेवटचा सूर विरू द्या. आणि पत्र वाचून झाल्यावर नको, प्लीज.

प्रश्न : आजच्या काळात आणलेले प्रयोग खरंच चालतात का की नुसतं शायनिंग? कोणीतरी म्हणालं एकात व्हायोलेता सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर आहे!

उत्तर : आहे. सायमन स्टोनचा, पॅरिस ऑपेरात २०१९ला झाला, प्रिटी येंडे व्हायोलेता होती, मागे मोठ्या स्क्रीनवर मेसेज आणि फोटो पळत असतात. ऐकायला थिल्लर वाटतं पण विचार करा, जिचं सगळं जगणंच लोकांनी बघण्यावर चालतं आणि जिला आतून काय होतंय हे कोणालाच माहीत नाही, ती आज कोण असेल? अडचण वेगळ्या ठिकाणी येते. आज कुठली मुलगी प्रियकराच्या बहिणीचं लग्न मोडेल म्हणून त्याला सोडेल? टीबीचंही तेच, त्याचा जंतू रॉबर्ट कॉखला सापडला तोच १८८२ला, त्याआधी तो नशिबाचा भाग होता, आज औषध आहे. काळ बदलला की या दोन खिळ्यांवर लटकवलेली गोष्ट हलते आणि दिग्दर्शकाला काहीतरी नवीन कारण शोधावं लागतं, बरेच जण शोधतच नाहीत.

रॉबर्ट कार्सनने ते मला वाटतं छान सोडवलं. ‘ला फेनिचे’ १९९६ला जळलं, परत बांधून २००४ला त्याच ‘त्राव्हियाता’ने ऑपेरासाठी उघडलं, आणि कार्सनने सगळी गोष्ट पैशावर आणली. दुसऱ्या अंकात ती दोघं शहराबाहेर सुखात असतात तिथे झाडांवरून पानांऐवजी नोटा पडतात. तिचं प्रेमसुद्धा तिच्याच पैशावर उभं आहे, हे संगीतात नाही पण कथेत आहे, ती सगळं विकतेय हा कागद आठवा. आणि शेवटच्या अंकात तिच्याकडे वीस लुई (सोन्याची नाणी) उरलेले असतात, त्यातले दहा ती गरिबांना वाटायला सांगते.

उलट १९५५ला मिलानच्या ‘ला स्काला’त लुकिनो व्हिस्कोन्तीने कालासला घेऊन जे केलं त्यात काळ फार हलवला नव्हता, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणला एवढंच, सगळं मखमली, देखणं. पण तिथेही लोक भडकले. का, तर ‘सेम्प्रे लीबेरा’ गाताना तिने पायातले बूट काढून उडवले! आणि मरताना ती पलंगावर नव्हती, बाहेर जायला निघाल्यासारखी टोपी-कोट घालून उभ्यानेच, डोळे उघडे ठेवून गेली. म्हणजे झुंबरं असूनही तक्रार होतीच.

प्रश्न : मरायच्या आधी ती एकदम “बरं वाटतंय” म्हणून उठते ते काय? मला वाटलं वाचली.

उत्तर : तेच वाटायला हवं. वेदना थांबल्या म्हणते, अंगात बळ येतंय, मी जगणार, आणि खाली परत ती प्रेमाची धून. पहिलं वाक्य “विचित्र आहे” हेच, आणि पहिल्या अंकात एकटी पडल्यावरही ती हेच म्हणालेली असते. मग वरचा सूर आणि पडते. वाईट प्रयोगात आल्फ्रेदो आधीच हात पसरून झेलायच्या तयारीत असतो, ते बघितलं की सगळी हवा जाते. चांगल्या प्रयोगात त्यालाही वाटतं की वाचली.

प्रश्न : पहिल्यांदा कोणता बघू? इटालियन येत नाही.

उत्तर : १९९४चा लंडनच्या रॉयल ऑपेराचा, दिग्दर्शक रिचर्ड एअर, कंडक्टर जॉर्ज सोल्टी, आणि अँजेला गेऑर्ग्यू तेव्हा नवीनच होती. झुंबरंवाल्यांनाही चालेल आणि बापाचा प्रसंगही नीट आहे. बीबीसीने तेव्हा ठरलेले कार्यक्रम बाजूला सारून तो टीव्हीवर दाखवला होता. त्यानंतर आठ दिवसांनी डेकरचा परत बघा. सबटायटल्स लावाच. थिएटरात वर अक्षरं दिसायची सोय १९८३ पासून आली, टोरांटोत, त्याआधीचे लोक घरून वाचून जायचे किंवा नुसतं ऐकायचे. आणि कुठल्याही प्रयोगात दुसऱ्या अंकातलं बापाचं किंवा आल्फ्रेदोचं वेगवान गाणं गायब दिसलं किंवा ‘आदिओ देल पास्सातो’चं दुसरं कडवं नसलं तर तुमची कॉपी खराब नाहीये, ती कापायची जुनी पद्धत आहे.